तुझ्याविरुद्ध दिलेलं मत

कुंदा, दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही जरा मागे सरकतोय तोच एक आला, भात विस्कटला आणि उडाला. गुरुजी म्हणाले, "पुण्यवान होत्या. काही इच्छा मागे राहिली नाही." तुझ्या महेशने डोळे पुसले. मला मात्र हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला म्हणून निभावलं. बायकांना वाटलं, शैला रडतेय. मग खरंच रडायला आलं. तू, आणि इच्छा मागे राहिली नाही! कोथिंबिरीच्या जुडीवरून झालेलं भांडण तू आठवडाभर मनात धरून ठेवायचीस. तू अशी विनातक्रार निघून गेलीस यावर माझा विश्वास बसत नाही.

आपल्या बिल्डिंगमधली मंदा कांबळे काल घरी आली होती. म्हणाली, "शैलाताई, कुंदाताईंबद्दल लिहा काहीतरी. जन्म अमुक, नोकरी तमुक, तसलं नको. त्यांच्याशी बोला." म्हटलं, बोलतेच आहे गं. ती गेल्यापासून दुसरं काय करतेय? भाजी निवडताना बोलते, रिक्षात बोलते. फक्त समोरून उलट उत्तर येत नाही, आणि तुझ्या बाबतीत ही गोष्ट मला अजून खरी वाटत नाही.

कुठून सुरू करू? त्या मीटिंगपासूनच करते. तुला ती फार आवडायची आठवायला, आणि मला अजिबात नाही.

मुलुंडची आपली ती हाउसिंग बोर्डाची इमारत. तू तिसऱ्या मजल्यावर, मी तुझ्या बरोबर खाली. बिल्डिंग पाडून नवी बांधायची हे बोलणं सुरू झालं होतं आणि त्यासाठी खालच्या मोकळ्या जागेत सभा बोलावली होती. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुढे सगळे पुरुष, मागे आपण बायका, आणि आपल्या हातात चहाचे ट्रे. आमचे हे जाऊन वर्ष होत आलं होतं. चेअरमन दळवींनी कसलासा ठराव वाचला, हात वर करायला सांगितले, आणि माझ्या खोलीच्या नावाने हात वर केला तो माझ्या दिरांनी. शरदभावजी ठाण्याहून तेवढ्यासाठी आले होते. मला कुणी काही विचारलं नव्हतं आणि मलाही त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

तू ट्रे खाली ठेवलास.

"भाऊसाहेब, तुम्ही राहता कुठे?"

"ठाण्याला."

"मग इथे हात कशाला वर करताय?"

दळवी मध्ये पडले. "कुंदाताई, ते वहिनींच्या वतीने करतायत."

"वहिनींना हात नाहीत?"

सगळे हसले. भावजींचा चेहरा पडला आणि माझे कान तापले. रात्रीची भांडी घासायच्या आत मी वर येऊन तुला झापलं होतं. "माझी शोभा केलीस चारचौघांत. तुला कुणी सांगितलं होतं माझी वकिली करायला?" तू टीव्हीवर मॅच बघत होतीस. आवाज कमी केलास आणि म्हणालीस, "तुझी नाही केली. माझी केली. माझंही नाव कुठे लागलंय अजून?"

ते खरं होतं. सोसायटीच्या दप्तरी ज्याचं नाव, तो सभासद. आणि मत सभासदालाच. नावं जवळपास सगळी पुरुषांची. पुरुष गेला की त्याच्या बायकोचं नाव लावायचं असतं, पण आपली कमिटी ते लावायची नाही. आज अमुक वारसाची सही आणा, उद्या तमुक कागद आणा. तुझे मिस्टर जाऊन तर कितीतरी वर्षं झाली होती. तुला दळवींनी तोंडावर सांगितलं होतं, "मुलाचं लावून टाका ना थेट. घरात पुरुष माणूस आहे, तुम्हाला कशाला दगदग?" अशा आपण विधवाच बऱ्याच निघालो. शिवाय ज्यांचे नवरे फिरतीवर किंवा गावाला असायचे त्या बायका. आणि खोली स्वतःच्या नावावर असूनही सभेला कधीही न गेलेल्या.

त्या परबकाकू आठवतात? तळमजल्यावरच्या. खोली त्यांच्या मालकांनी त्यांच्याच नावावर घेतली होती. आपण दोघी गेलो तेव्हा त्या कुळीथ निवडत होत्या.

"काकू, मागच्या सभेला तुमच्या खोलीचा हात कुणी वर केला?"

"माझ्या झिलान."

"मुलाने तुम्हाला विचारलं होतं?"

काकूंनी सूप खाली ठेवलं. "माका कोण इचारता?" असं म्हणाल्या त्या. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. आणि मग सूप पुन्हा उचलत, "पण इचारूक व्हया होता, नाय?"

त्या दिवसापासून मी तुझ्याबरोबर आले. तुझ्या भाषणांनी नाही गं. तुझी भाषणं भयंकर असायची. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून करून तुझा आवाज असा झाला होता की प्रत्येक वाक्य म्हणजे 'लाइनवर राहा' वाटायचं. दुपारी बायका जरा आडव्या व्हायच्या तेव्हाच तू दारं वाजवायचीस. कुणी म्हणायची, "आमच्या ह्यांना आवडणार नाही." त्यावर तू म्हणायचीस, "त्यांना आवडायला सांगतंय कोण?" मग मला मागून सावरून घ्यावं लागायचं. पण एक वाक्य तुझं बायकांना लागायचं. "बोटाला शाई लावून तू देशाचं सरकार निवडतेस. आणि तुझी मोरी घरात असावी की बाहेर, हे दळवी ठरवणार?" हे ऐकल्यावर त्या दार पूर्ण उघडायच्या.

मंदा तेव्हा नवीन राहायला आली होती, जालन्याकडची. रुग्णालयात आया होती, पाळ्या करायची. तिला समजावायला तू सुरुवात केलीस तर तिने तुलाच थांबवलं. "ताई, आमच्या घरात मताची किंमत पाळण्यापासून शिकवतात. मला फक्त सांगा, सही कुठे करायची." तुला त्या दिवशी पहिल्यांदा कुणापुढे गप्प झालेलं मी पाहिलं.

मग त्रास सुरू झाला. मला वाटतं तो तू कधीच कुणाला पूर्ण सांगितला नाहीस. तुझ्या दारावरच्या पाटीला कुणीतरी काळं फासलं. महेश पुसायला निघाला तर तू म्हणालीस, "राहू दे. ज्याने फासलंय त्याला रोज जिन्यावरून जाताना दिसू दे." परबकाकूंच्या मुलाने तुला जिन्यात अडवून आरडाओरडा केला, "माझ्या आईला भडकवू नका, नायतर बघून घेईन." गणपतीत आरतीला आपल्यासाठी कुणी सरकून जागा करेना. माझ्या दिरांनी घरी येणं बंद केलं. त्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आता इतकं वाटत नाही. आणि महेश. तो वाईट नव्हता, फक्त थकायचा. "आई, कशाला हे सगळं? मी आहे ना." तू बाहेर गॅलरीत यायचीस आणि उगाच वाळलेले कपडे पुन्हा झटकायचीस.

नावं लावून मिळावीत म्हणून आपण अर्ज केला त्या निबंधकांच्या कार्यालयातले ते बाक. साहेब ऐकून घ्यायचे, तारीख द्यायचे. आपण परत जायचो. पावसाळा गेला, दिवाळी गेली. तू बाकावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवायचीस आणि अडलं की शेजारच्या अनोळखी माणसालाही विचारायचीस. एकदा तर शिपायालाच बसवून घेतलंस. मी म्हणायचे, "लोक काय म्हणतील?" तू म्हणायचीस, "आडवे शब्द चार अक्षरी म्हणतील."

आणि याच सगळ्यात माझ्या स्वयंपाकघरातला स्लॅब पडला.

मी नशिबाने बाहेरच्या खोलीत होते. परत गेले तर ओट्यावर, गॅसवर, पोळ्यांच्या डब्यावर सिमेंटचे तुकडे, आणि वर छतात गंजलेल्या सळ्या दिसतायत. तू धावत खाली आलीस, मला धरून बसवलंस, पाणी दिलंस, आणि दुपारभर घमेल्याने तो मलबा तूच उपसलास. तुझ्या केसांत धूळ, हाताला खरचटलेलं. त्या रात्री मला झोप आली नाही. वरची प्रत्येक भेग मोजत पडले होते. सकाळी मी ठरवलं.

तुला सांगायला मला धीर होईना, कारण तुझं मत मला पाठ होतं. हा बिल्डर खोटा आहे. एकदा बाहेर पडलो की परत कधी येऊ सांगता येत नाही. म्हाताऱ्या बायका भाड्याच्या घरात एकेकट्या मरतील. आधी दुरुस्ती करा, मग बघू. हे तू इतक्या वेळा बोलली होतीस की मुलंही तुझी नक्कल करायची. पुढच्या तारखेला निघालो तेव्हा रिक्षात मी म्हटलं,

"कुंदा, मला मत मिळालं ना, तर ते मी बिल्डरच्या बाजूने देणार."

तू बाहेर बघत राहिलीस.

"ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मग बोल ना काहीतरी. मला भीती वाटते गं त्या घरात. लिफ्ट नाही, संडास बाहेर, गुडघा माझा असा. मला मरायच्या आधी एकदा घरातल्या घरात अंघोळ करायचीय."

"कर ना. मी कुठे अडवलंय?"

एवढंच. त्या दिवशी तू शब्दकोडं काढलं नाहीस. परत येताना वेगळ्या रिक्षाने गेलीस. मला वाटलं, झालं, संपलं. आता ही माझ्या नावासाठी कशाला खेटे घालेल? शहाणं माणूस घालणार नाही. माझं मत म्हणजे तुझ्या मतावर फुली.

पुढची तारीख आली तेव्हा सकाळी तू दारात उभी. हातात छत्री, पायात चपला.

"चल. उशीर होतोय."

"मी तुला सांगितलंय मी काय करणार आहे ते."

"तुझं मत चुकीचं आहे. पण ते तुझं आहे ना? दळव्याचं नाही ना, शरदचं नाही ना?"

"नाही."

"मग चल. जिन्यात बोलू नकोस, दम लागतो."

मी चप्पल घालून मागून आले. त्या जिन्यात मला तुझे पाय धरावेसे वाटले होते. आपल्यात असलं काही चालत नव्हतं म्हणून नाही धरले. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतेय.

शेवटी निबंधकांचा आदेश आला आणि नावं लागली, आपल्या सगळ्यांची. बाकीच्या बायकांची नवऱ्यांच्या नावाबरोबर लागली, म्हणजे नवरा नसेल तेव्हा तिला मत. आणि सभासदाने स्वतः यायचं, दुसऱ्याने हात वर करायचा नाही. त्यावरही तुझं समाधान नव्हतं. हातच नकोत, चिठ्ठ्या हव्यात, म्हणून तू अडून बसलीस. दळवी म्हणाले, "आपल्या आपल्यात कसली गुप्तता?" तू म्हणालीस, "नवरा शेजारच्या खुर्चीवर बसून बघत असेल तर बायकोचा हात कुणाचा असतो, हे तुमच्या बायकोला विचारा." दळवीवहिनी तिथेच होत्या; दळवींची दुसरी खोली त्यांच्या नावावर होती. त्यांनी मान खाली घातली, पण मी पाहिलं, त्या हसत होत्या. चिठ्ठ्या मंजूर झाल्या.

मतदानाच्या दिवशी बायका लग्नाला जावं तशा नेसून आल्या होत्या. परबकाकूंना चालवत नव्हतं, त्यांना खुर्चीसकट दोघांनी टेबलाशी आणलं. निबंधकांकडून आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "आजी, कुणी मदत करू का?" काकू म्हणाल्या, "नको. माझा मी बघतंय." त्यांचा मुलगा मागे उभा होता. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली आणि हाताचा आडोसा करून चिठ्ठीवर खूण केली. माझी पाळी आली. कुंदा, माझं वय तुला माहीत आहे. आयुष्यभर मी शाईचं बोट घेऊन फिरले, पण आधी बाबा सांगतील तिथे आणि मग हे सांगतील तिथे. त्या दिवशी मला सांगणारं कुणी नव्हतं. मी 'हो' वर खूण केली आणि वर बघितलं तर तू समोर उभी होतीस, रांग सरळ करत. तुला माहीत होतं मी काय केलंय. तू म्हणालीस, "झालं? मग सरक, मागच्यांना येऊ दे."

ठराव पास झाला. निसटता नाही, चांगला दणक्यात. चिठ्ठ्यांना नावं नव्हती, पण हिशोब कुणालाही कळत होता. बायकांच्या मतांशिवाय तेवढी संख्या होणार नव्हती. ज्यांच्यासाठी तू उंबरे झिजवलेस त्यांनी बिल्डरला निवडलं होतं. त्यांनाही घरात मोरी हवी होती, लिफ्ट हवी होती. त्यांनाही वरून काही डोक्यात पडायला नको होतं. मी त्यातलीच एक.

दळवी पेढे वाटायला उठले. तुझ्यापुढे बॉक्स धरून म्हणाले, "कुंदाताई, बघा, तुमच्या बायकांनीच तुम्हाला पाडलं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. तू पेढा घेतलास. "पाडलं ना? त्यांनीच ना? तुम्ही नाही ना?" म्हणालीस, पेढा तोंडात टाकलास आणि जिना चढून गेलीस.

मी संध्याकाळी वर आले. दार वाजवलं. आतून म्हणालीस, "आज नको, शैला." आवाज घोगरा होता. मी बराच वेळ दाराबाहेर, त्या काळं फासलेल्या पाटीखाली बसून राहिले. तू आत रडत होतीस आणि मी बाहेर. दार उघडलं असतंस तर आपण काय बोललो असतो? मला अजून सुचत नाही.

बिल्डिंग रिकामी झाली. सामानाच्या टेम्पोंची रांग लागली होती. कुणी ऐरोलीला, कुणी डोंबिवलीला. मी भांडुपला भाचीच्या शेजारी गेले. महेशने नाहूरला टॉवरमध्ये घर घेतलं भाड्याने. चकाचक जिना, दोन लिफ्ट, सगळी दारं बंद. पहिल्यांदा आले तेव्हा तू म्हणालीस, "बघ, घरातल्या घरात अंघोळ. झालं समाधान?" मी म्हटलं, "स्लॅब तुझ्या डोक्यात पडला असता तर?" तू म्हणालीस, "निदान ओळखीच्या माणसांनी उचललं असतं." आपलं ते भांडण दर भेटीला तिथूनच सुरू व्हायचं आणि चहा आला की अर्धवट राहायचं.

तू म्हणाली होतीस तसंच झालं. पिलर वर आले आणि काम थांबल्यासारखं झालं. कधी माणसं दिसायची, कधी नाही. मी त्या बाजूला गेले की पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून बघायचे. आपण सभा घ्यायचो तिथे आता पाणी साचलंय. परबकाकू गावाला गेल्या आणि तिथेच गेल्या. त्यांच्या मुलाने आपल्याला कळवलंसुद्धा नाही, मंदाला कुठूनतरी समजलं. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "शैला, त्या खुर्चीवर बसून आल्या होत्या बघ." मी म्हटलं, "हो." मी फोन कानाला धरून बसून राहिले. तुझं नाक ओढल्याचा आवाज येत होता.

तू बरोबर होतीस का, कुंदा? लोकांनी तुला नंतर विचारलं की तू खांदे उडवायचीस. मला तू विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही. आज सांगते. घर कधी मिळणार याबद्दल तू बरोबर होतीस. आणि मला आज पुन्हा चिठ्ठी दिली तर मी पुन्हा 'हो' वरच खूण करेन. मला त्या छताखाली झोप येत नव्हती गं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचं काय करायचं ते तुझ्याशी भांडल्याशिवाय मला कळत नाही. तुझ्या एकटेपणात माझी एक चिठ्ठी होती. तू नाहूरच्या त्या खिडकीत बसून राहायचीस, शेजारच्या बाईचं नावही तुला माहीत नव्हतं, तुला! जी शिपायाला शब्दकोड्याला बसवायची.

आपलं शेवटचं बोलणं क्रिकेटवर झालं. मी म्हटलं, त्याला कशाला घेतलं टीममध्ये, तो म्हातारा झालाय. तू भडकलीस. "तुला क्रिकेटमधलं घंटा कळत नाही," म्हणालीस आणि फोन आपटलास. मला माहीत होतं उद्या तूच करशील. सकाळी फोन आला तो महेशचा. झोपेतच गेलीस म्हणाला, हार्ट. मी बराच वेळ त्याला "हो, हो" म्हणत राहिले, जसं काही तो कुठली वेळ किंवा पत्ता सांगतोय.

स्मशानातून आल्यावर बायका खाली पार्किंगमध्ये उभ्या होत्या. आपल्या बिल्डिंगच्या. ऐरोलीच्या, डोंबिवलीच्या, सगळ्या आल्या होत्या. दळवीवहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मी 'नाही' वर खूण केली होती. ह्यांना अजून माहीत नाही. कुंदाताईंना सांगायचं राहून गेलं." म्हणजे तुझ्या बाजूला एक मत चेअरमनच्या घरातून पडलं होतं, आणि तुला ते कधी कळलं नाही. तुला किती आवडलं असतं! तू ते आयुष्यभर सांगत सुटली असतीस, त्या बिचारीची पंचाईत केली असतीस. बरं झालं नाही कळलं. नाही, बरं नाही झालं.

आता परवाची गोष्ट सांगते, म्हणजे लिहायचं संपेल.

तेरावं झालं. पंगती उठल्या, मंडळी गेली. मी चप्पल शोधत होते तर महेश म्हणाला, "मावशी, आईची मुलुंडची जागा आता माझ्या नावावर करून घेतो. दळवीकाकांशी बोललोय, होईल म्हणाले." मी मान डोलावली. तुझी सून पल्लवी जमिनीवर बसून पत्रावळी गोळा करत होती. तिने वर न बघता म्हटलं, "माझंही नाव घाला त्यात."

महेश थकलेला होता. चिडून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुला कशाला? मी आहे ना."

पल्लवी उठली. हात खरकटे होते, ते तसेच धरून माझ्यासमोर उभी राहिली. "मावशी, तुमचं नाव आईंनी कसं लावून घेतलं होतं? आधी कुठे जायचं असतं?"

तुमचं दोघींचं पटलं नाही कधी. तिच्या फोडणीपासून तिच्या फोनपर्यंत सगळ्याची तू माझ्याकडे कागाळी केलीस. हिचं नाव तुझ्या खोलीला लाव, असं मी एकदा म्हटलं होतं, तर तू फणकारलीस, "तिचं? ती उद्या मलाच बाहेर काढेल." जगातल्या सगळ्या बायकांसाठी तुझं दार उघडं, एक तिच्याखेरीज. त्यावरून मी तुझ्याशी भांडायला हवं होतं. म्हटलं, पुढच्या खेपेला भांडू.

"त्या माझ्याशी धड बोलायच्या नाहीत," पल्लवी म्हणाली, "पण तुम्हाला सगळं सांगायच्या ना, ते मी आतून ऐकायचे."

महेश मध्ये काहीतरी म्हणत होता. मी त्याला म्हटलं, "थांब जरा, ती माझ्याशी बोलतेय."

तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर, तुझ्या मुलाला मी असं म्हणाले. राग येऊ दे. पल्लवीला बिल्डर बदलायचाय की तोच हवाय, ती उद्या तुझ्या मनासारखं मत देईल की नेमकं उलटं, मी विचारलं नाही. बहुतेक उलटंच देईल, स्वभाव तुझाच आहे. सोमवारी सकाळी मी तिला निबंधकांकडे घेऊन जातेय.